भूमींतील गारवा आणि खानदेशांतील घर

वैशाख लागला म्हणजे जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. धुळेंकरांसही फारशी सूट मिळत नाहीं. परंतु त्याच अंगणांत तीस-चाळीस फूट खालीं भूमि बारा महिने सुमारें २७-२८ अंशांवर स्थिर असते. या अंतराचा लाभ घेऊन घर थंड करण्याची युक्ति पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे. खोल विंधण घेऊन तींत नळी सोडावयाची, नळींतून पाणी फिरवावयाचें, आणि घरांतील उष्मा यंत्राच्या साहाय्यानें त्या पाण्यावाटे भूमीच्या पोटांत लोटावयाचा. भर दुपारच्या हवेंत तो टाकण्यापेक्षां हें यंत्रास सोपें जातें. म्हणून वीज कमी लागते. चोपडें तालुक्यांतील उनपदेवच्या ऊन झऱ्याशीं याचा कांहींएक संबंध नाहीं. येथें हवा तो भूमीचा स्थिरपणा, तिचा ऊनपणा नव्हे.

खरी मेख खर्चांत आहे, आणि तोही यंत्राचा कमी, विंधणाचा अधिक. थंड मुलखांत एका टनाच्या यंत्रास साधारणतः दीडशे-दोनशे फूट विंधण पुरतें. म्हणजे तीन टनांच्या बंगल्यास साडेचारशे ते सहाशे फूट. आणि आपली भूमि मुळांतच उबदार असल्यानें येथें त्याहून अधिक धरावें. धुळ्याकडे काळा पाषाण फोडावा लागतो. यावल-रावेरकडे तापीचा गाळ इतका खोल आहे कीं विंधण ढासळूं नये म्हणून पोलादी नळ घालीत जावें लागतें. शिवाय तेथें केळीच्या बागांनीं पाण्याची पातळी खोल गेली आहे, आणि कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नाहीं. परसांतील आटलेली कूपनलिका फुकटांत कामीं येईल, असें पुष्कळांस वाटतें. पण नळीभोंवतीं पोकळी राहिली तर ती हवा उष्णतेस अडविते. ती चिकणमातीसारख्या द्रव्यानें ठासून भरावी लागते, आणि तो खर्च वेगळा.

याहून मोठी अडचण हवामानाची. जेथें उन्हाळा व हिवाळा दोन्ही कडक, तेथें उन्हाळ्यांत भूमींत ठेवलेली उष्णता हिवाळ्यांत घर ऊबदार करण्यास परत काढतात. खानदेशांत शेगडीची गरज पडते ती थोड्या रात्री. येथें नुसती ठेवच, उचल नाहीं. वर्षामागून वर्षें भूमि तापत जाते आणि लाभ घटतो. त्यावर उपाय म्हणजे विंधणें दूर दूर घेणें; पण शहरांतील आंखूड भूखंडांत तेवढी जागा आणावी कोठून?

तेव्हां गृहस्थानें प्रथम छपराकडे पाहावें. जुन्या धाब्याचा मातीचा जाड थर ऊन अडवीत असे. उघड्या स्लॅबखालीं राहून विंधणाचा खर्च करणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय. मात्र जेथें पहाटे शेंकडों माणसांस स्नानाचें पाणी तापवावें लागतें, अशा वसतिगृहांत किंवा रुग्णालयांत तीच उष्णता रोज उचलतां येते. तेथें हिशोब जुळण्याचा संभव अधिक.