वाफ, भूत आणि प्रीती



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. वाफेची यंत्रे, भुतेखेते आणि प्रेम, अशी तिघांची मोट बांधणारे कथासंग्रह! विजेऐवजी वाफेचेच राज्य चालू राहिले असते तर, या कल्पनेवर रचलेल्या कथांना पाश्चात्य देशांत 'स्टीमपंक' म्हणतात. हे नाव के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने १९८७ साली सुचविले.

आम्हां नंदुरबारकरांना वाफ परकी नाही. ताप्ती व्हॅली रेल्वेची वाफेची इंजिने याच गावावरून सुरतेकडे धावत. भूतही परके नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ते आमच्या माजघरात आणून बसविले. विज्ञानाचे नवल जयंत नारळीकरांनी दाखविले.

परंतु अशा कथेला आम्ही एकच कस लावतो. इंजिन थांबविले, भूत उतरविले, तरी दोन जिवांची ओढ मागे उरते काय? उरली तर कथा खरी. नाही तर नुसता धूर.

या कथांतून प्रेमिकांच्या मध्ये मृत्यूची भिंत असते. आमच्या घरांतून ती पुष्कळदा जातीची असते. मेलेल्या प्रियकराची वाट पाहणाऱ्या नायिकेसाठी आम्ही डोळे पुसतो, आणि लेकीने निवडलेला परजातीचा जिवंत मुलगा उंबऱ्याशी आला की कडी लावतो. एक कथा वाचून हे ध्यानी येत नाही. निरनिराळ्या हातांच्या दहा कथा ओळीने वाचल्या, म्हणजे ती कडी आपल्याच हाताला टोचू लागते.

भुताला दार उघडणाऱ्यांनी माणसाला उघडू नये काय?