मोटारीचा जनरेटर : हौस आणि खबरदारी
(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



गेल्या वर्षी ऐन आरतीच्या वेळी दिवे गेले आणि आम्ही तिघांनी मनावर घेतले : बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटार आणून तिचा जनरेटर करायचा.

मोटार आणि जनरेटर ही एकाच यंत्राची दोन रूपे. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात एका डायनामोची वीज दुसऱ्या डायनामोला दिली, तर तो मोटारीसारखा फिरू लागला. आम्ही उलट्या वाटेने निघालो.

आमची मोटार थ्री-फेज, चार पोलची, १ एचपीची. विजेवर ती मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. तिच्याकडून वीज घ्यायची तर १५०० च्या थोडे वर फिरवावी लागते. जुन्या डिझेल इंजिनाचा पट्टा तिला चढवला, तिन्ही फेजना कंडेन्सर जोडले. तरी मीटरचा काटा हलेना! लोखंडात उरणारे थोडेसे चुंबकत्वच नाहीसे झाले होते. इंजिन थांबवले, कंडेन्सर डिस्चार्ज केले, वायंडिंगला क्षणभर १२ व्होल्टची बॅटरी लावली. पुन्हा फिरवले आणि बल्ब लागले.

मुलांनी विचारले, "काका, याच विजेवर दुसरी मोटार चालवून हिलाच फिरवली तर डिझेल कशाला?" बाळांनो, वीज फुकट होत नाही. प्रत्येक फेऱ्यात थोडी शक्ती उष्णतेत जाते. असे यंत्र दाखवणारा कुठेतरी वायर लपवतो.

मग एक सूचना आली : दोन्ही टोकांना पिन लावा आणि घरच्या सॉकेटात खोचा, सगळे घर उजळेल. तिथे मात्र आम्ही हात जोडले. ती वीज मीटरमधून मागे लाइनवर जाते. ट्रान्सफॉर्मर उलटा चालला, तर २३० व्होल्टचे ११,००० होऊ शकतात. लाइन बंद आहे या भरवशावर कोणी लाइनमन खांबावर चढलेला असतो. त्याच्याही घरी गणपती बसलेला असतो.

म्हणून आमचे बल्ब स्वतंत्र वायरवर आहेत. घराला जोडायचेच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. मोटारीला अर्थिंग द्या, पट्ट्यावर जाळी बसवा, इंजिन उघड्यावर ठेवा. मशीन थांबले तरी कंडेन्सरला लगेच हात लावू नका.

हौस जरूर करा. पण आपल्या उजेडापायी दुसऱ्याच्या घरी अंधार नको.

गणपती बाप्पा मोरया!