गोळीची किंमत आणि गाळ्याचे भाडे



माझे शिक्षण ‘मंडई विद्यापीठा’त झाले, तेव्हा अर्थशास्त्रही तिथलेच सांगतो. मंडईत सकाळची कोथिंबिरीची जुडी दिवेलागणीला निम्म्या भावात मिळते. औषधाच्या दुकानात मात्र घासाघीस चालत नाही. औषध लिहितो डॉक्टर, भाव ठरवते कंपनी, पैसे मोजतो रोगी. मोजणाऱ्याला निवड नाही, म्हणून तिथे सरकारला हात घालावा लागतो.

१९९५ च्या हुकुमाप्रमाणे कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरे. २०१३ पासून माप बदलले. आता अत्यावश्यक यादीतील औषधाच्या, एक टक्का वा अधिक खप असलेल्या मालांच्या किमतींची सरासरी काढतात आणि तीवर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के चढवतात. महागाचीच सरासरी काढली, तर ती स्वस्त कशी निघावी?

सरासरी शंभर रुपये निघाली, तर दुकानदाराचे सोळा. त्यातच नोकराचा पगार, वीज आणि गाळ्याचे भाडे. गोळीच्या किमतीला मर्यादा आहे. नव्याने घेतलेल्या गाळ्याचे भाडे मात्र मालक मागेल तितके. मग दुकानदार काय करील? यादीबाहेरची, जास्त सुटणारी बाटली पुढे मांडील. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. भाडे शेवटी रोग्याच्याच खिशातून जाते. पावतीवर तेवढे दिसत नाही.

जागा औषधाला भारी कशी पडते, हे पिंपरीत पाहा. १९५४ साली सरकारने तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली आणि १९५५ पासून देशी पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे कारखाना तोट्यात बुडाला. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने देणी भागवण्याचा मार्ग काढला, तो फाजील जमीन विकण्याचा! औषधाने जे मिळेना, ते जमिनीने मिळणार होते. कामगाराची थकबाकी मिळालीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण जमीन एकदाच विकता येते. औषध रोज लागते.

आपली मंडई १८८६ साली नगरपालिकेने बांधली. त्या खर्चाला विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांचेच नाव आज तिला आहे. सार्वजनिक पैसा कोणाच्या कामी यावा, हा त्यांचा प्रश्न होता. सार्वजनिक जागेबद्दल तोच प्रश्न आपण विचारू या. भाजीसाठी शहराने छप्पर उभारले. तसे स्वस्त औषधासाठी सार्वजनिक जागेत, माफक भाड्याने गाळे का देऊ नयेत? मत मागायला येईल त्याला हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू देऊ नका.