खापरपणजोबांच्या शोधात : एक नाव आणि सोळा माणसं



मी संगणक अभियंता आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. तरी गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी मी एका माणसाच्या मागावर आहे. तो माणूस म्हणजे माझे खापरपणजोबा. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. घरात त्यांना कुणी नावाने ओळखत नाही, 'आगबोटवाले' म्हणतात. त्यांना शोधताना जे हाती लागलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे असं वाटतं, म्हणून आज बोलतोय.

आधी एक प्रश्न. 'तुम्ही लोक मूळचे कुठले?' असं ज्याला कधी विचारलं गेलं नाही, त्याने हात वर करा. कुणीच नाही. भाड्याने घर बघताना, ऑफिसात, 'तुमचं मराठी किती छान आहे हो' अशा कौतुकातसुद्धा हा प्रश्न असतो. आपल्याला राग येतो, आणि यायलाच हवा. पण घरात सोयरीक जमवताना आपलेच मोठे लोक काय सांगतात? 'आमचं घराणं मूळचं अरबस्तानातलं.' बाहेरचा आपल्याला परका म्हणतो तो हिणवायला, घरातला म्हणतो तो मिरवायला. म्हणणं दोघांचं एकच. मी ठरवलं, दोघांचंही ऐकायचं नाही. एक माणूस घ्यायचा आणि त्याच्याबद्दल खरं काय ते बघायचं.

आमच्या घरात तीन गोष्टी होत्या. पहिली, घराण्याचा मूळ पुरुष अरबस्तानातून गलबताने बंदरात उतरला. दुसरी, खापरपणजोबा मुंबईला जाऊन विलायतेच्या आगबोटीवर लागले, सारंग झाले आणि प्लेगच्या साली गावी परतले. तिसरी, त्यांना दोन मुलगे आणि दोन मुली. ही तिसरी गोष्ट फक्त बायका सांगायच्या.

मी प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारलं. कोण सांगतंय, त्याने कुणाकडून ऐकलं, हेही लिहून ठेवलं. सगळे एकत्र बसले की सगळ्यात मोठ्या आवाजाची गोष्ट खरी ठरते, हा अनुभव तुम्हालाही असेल.

गोष्टींमध्ये सनावळ्या नसतात, पण खुणा असतात. प्लेग मुंबईत १८९६ मध्ये आला. मानमोडीची साथ १९१८ ची. 'तुकाराम' आणि 'जयंती' या बोटी बुडाल्या १९२७ मध्ये. 'रामदास' बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला. आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख सांगता येत नाही, पण 'रामदास बुडाली तेव्हा मी एवढी होते' हे पक्कं सांगता येतं. आमचे आजोबा तेव्हा विशीत होते. पणजोबा प्लेगच्या पुढच्या साली जन्मले. असं मागे मागे मोजत गेलो तेव्हा आगबोटवाल्यांचा जन्म १८६० च्या आसपासचा निघाला.

म्हणजे ते जनगणनेत सापडायला हवेत, असं मला वाटलं. हिंदुस्थानभर एकाच वेळी पहिली जनगणना झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ ला. तेव्हा ते विशीचे असणार. पण आपल्या देशातल्या जुन्या जनगणनेत नाव शोधता येत नाही. घरोघरी भरलेले कागद मोजून झाल्यावर ठेवले गेले नाहीत, उरले ते फक्त तक्ते. कुठल्या जिल्ह्यात किती पुरुष, किती स्त्रिया, कुठल्या धर्माचे, किती शिकलेले. त्या तक्त्यातल्या रत्नागिरीच्या आकड्यात माझे खापरपणजोबा आहेतही, पण एक माणूस म्हणून नाहीत. आजही १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुमच्या घरची नोंद कुणाला बघता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही.

इंग्लंडचं तसं नाही. तिथले नावनिशीवार कागद जपलेले आहेत आणि शंभर वर्षांनी खुले होतात. तिथली १८८१ ची जनगणना ३ एप्रिलला झाली आणि तिची नावं 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. महत्त्वाचं म्हणजे त्या रात्री बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवरची माणसंही मोजली होती. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, आगबोटींची ये-जा वाढली होती आणि डेकवरच्या खलाशांमध्ये आपल्या रत्नागिरीकडची माणसं पुष्कळ असत. सारंग म्हणजे त्यांचा म्होरक्या, तांडेल त्याच्या हाताखालचा. आपल्यात सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावं आहेत ती उगाच नाहीत.

मी शोधायला बसलो. अडचण अशी की नावं लिहिणारा इंग्रज कारकून कानाला येईल तसं लिहायचा. एकच इब्राहिम पाच तऱ्हेने लिहिलेला. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, जन्मगाव म्हणून नुसतं 'बॉम्बे'. मी सगळ्या संभाव्य स्पेलिंगांसाठी छोटा प्रोग्राम लिहिला. शेवटी लंडनच्या गोदीतल्या एका जहाजावर नाव आणि वय जुळणारा एक खलाशी मिळाला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच जल्लोष. चुलतभावाने तर स्टेटसला टाकलं, 'आमचे आजोबा लंडनमध्ये'.

मी म्हटलं, थांबा. ते नाव त्या काळी आमच्या एकट्या खाडीत दहा जणांचं असेल. नाव जुळतं म्हणजे तोच माणूस, असं होत नाही. माझ्या तक्त्यात तीन रंग आहेत. गोष्ट आणि कागद दोन्ही एकच सांगत असतील तर हिरवा, एकच काहीतरी सांगत असेल तर पिवळा, दोन्ही एकमेकांविरुद्ध असतील तर लाल. लंडनची नोंद पिवळी आहे आणि अजून पिवळीच आहे.

हिरवा रंग मिळाला तो लंडनमध्ये नाही, तालुक्याच्या गावी. तहसील कचेरीत जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही असते, तिला कोतवाल बुक म्हणतात. त्यात आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली, बापाच्या नावासकट. तिथून फेरफाराच्या नोंदीकडे गेलो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला, त्यामुळे त्यानंतर जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे गावाच्या दप्तरात सापडतं. आमचा कागद मोडी लिपीत होता. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी तो मला वाचून दाखवला, दर ओळीवर बोट ठेवून. मयत म्हणून खापरपणजोबांचं नाव आणि ते कोण? खोताचं कूळ. थोडी भाताची जमीन, थोडी वरकस.

अरब सौदागर नाही. खोताला अर्धं पीक मोजून देणारा कुणबीच म्हणा ना. आमच्या काही नातेवाइकांना हे आवडलं नाही. मला आवडलं.

आता अरबांचं. कोकणच्या किनाऱ्यावर अरब व्यापारी येत हा इतिहास आहे. दहाव्या शतकात अल-मसूदी चौलला येऊन गेला आणि तिथे हजारो मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहिलंय. त्यातला कुणी माझा पूर्वज असेलही. पण हिशेब करा. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ, त्यामागच्या पिढीत सोळा. दहा पिढ्या मागे गेलात तर एक हजार चोवीस जागा. शजरा लिहिताना आपण त्यातली एकच ओळ लिहितो, बापाच्या बापाच्या बापाची. हजारातला एक अरब मिरवायचा आणि भात लावणारे, जाळी विणणारे, गलबतं वल्हवणारे बाकीचे सगळे विसरायचे, याला वंशावळ म्हणत नाहीत.

आणि त्या सोळांतल्या आठ बायका. इथे मी सगळ्यात जास्त अडखळलो. फेरफारात वारस म्हणून दोन मुलगे होते. बस. बायको नाही, मुली नाहीत. मी दादीला विचारलं. ती तेव्हा नव्वदीच्या पुढे होती. तिने दोन्ही मुलींची नावं सांगितली, कुठल्या गावात दिल्या ते सांगितलं. धाकटीला तिने स्वतः पाहिलं होतं. आंब्याच्या दिवसांत माहेरी यायची म्हणे. मी म्हटलं, 'मग कागदावर का नाहीत?' दादी म्हणाली, 'हिस्सा मागितला की माहेर तुटतं, बाबा.'

मी हिशेब मांडला. आपल्या शरियतप्रमाणे त्या मिळकतीचे अठ्ठेचाळीस भाग केले तर सहा बायकोचे, चौदा-चौदा मुलग्यांचे, सात-सात मुलींचे. एकूण वीस भाग बायकांचे होते. कागदावर शून्य आले. पुढे १९३७ चा शरियत कायदा आला, त्यातही शेतजमीन वगळलेली. धर्माने दिलेलं रिवाजाने काढून घेतलं आणि कागदाने त्यावर शिक्का मारला. तुमच्या घरचा सातबारा काढून बघा. त्यात बहिणी, फुफ्या किती आहेत ते मोजा. पूर्वज शोधायला निघालेला माणूस शेवटी या प्रश्नावर येऊन थांबतो, निदान मी थांबलो.

तुमच्यापैकी काही जण विचारतील, या कागदांचा आज काही उपयोग? आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा घरांतल्या मुलांना कोतवाल बुक आणि आजोबांच्या शाळेचं रजिस्टर फार उपयोगी पडतं. पुष्कळ नोंदींत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, म्हणून एकाच कागदावर थांबू नका, चुलत-चुलत आजोबांच्या नोंदीही बघा. मोडी शिकायची असेल तर पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात. जुने महसुली कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर चढवले जाताहेत.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. या देशावरचा माझा हक्क खापरपणजोबांच्या फेरफारावर उभा नाही. तो कागद मला मिळाला नसता तरी मी तेवढाच इथला असतो. तुमच्या गावचं दप्तर पुरात गेलं असेल, वाळवीने खाल्लं असेल, तर तुम्ही कमी इथले होत नाही. शोध घ्यायचा तो कुणाला सिद्ध करून दाखवायला नाही, आपली माणसं आपल्याला माहीत असावीत म्हणून.

आज माझ्याकडे सोळांपैकी सात नावं आहेत. त्यांत बायकांचं नाव एकच, तेही दादीमुळे. आगबोटवाल्यांच्या बायकोचं नाव तिलाही आठवत नव्हतं. खाडीच्या पलीकडच्या काठची होती, एवढंच. दादी गेल्या वर्षी गेली. तिच्याकडून तीन तासांचं बोलणं फोनवर टिपून ठेवलंय, ते माझ्याकडच्या कुठल्याही सरकारी नकलेपेक्षा मोलाचं आहे.

म्हणून इथून गेल्यावर तीन कामं करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा, पुरुषाजवळ नंतर. तिला आधी बायकांची नावं विचारा आणि तिच्याच शब्दांत टिपा. मग तहसील कचेरीत जा. कागद अजून दहा वर्षं तिथे राहतील. दादी-नानी राहतीलच असं नाही.