दुसऱ्या वाचनातील ‘स्वामी’

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीतील मराठी मुलामुलींनी ती साधारणतः नववी-दहावीच्या वयात वाचली. दिल्लीत तर मराठी पुस्तक हाती येणे हेच मुळी दुर्मीळ. शाळेचे ग्रंथालय, किंवा सुट्टीत पुण्या-मुंबईहून परतणाऱ्या नातलगांची ट्रंक, एवढाच मार्ग. त्यामुळे जे पुस्तक मिळे ते दोनदा-तीनदा वाचले जाई, आणि त्यातील पात्रे घरातील माणसांसारखी मनात राहत. पुढे दूरदर्शनच्या मालिकेतून रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांचे चेहरे माधवराव व रमाबाई यांना मिळाले, तेव्हा ती चित्रे अधिकच पक्की झाली.

चाळिशी-पन्नाशीत हे पुस्तक पुन्हा उघडणाऱ्यास प्रथम धक्का बसतो तो वयांचा. पानिपतानंतर, १७६१ च्या जुलैमध्ये पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा माधवराव सोळा वर्षांचे होते. पंधरा वर्षांच्या वाचकाला सोळा वर्षांचा नायक मोठा, धीरोदात्त, जवळजवळ वडीलधारा वाटतो. ज्याच्या स्वतःच्या घरात अकरावीत जाणारा मुलगा आहे, त्याला तेच प्रकरण वाचताना वेगळाच घोर लागतो. या पोराला रात्री झोप तरी मिळत असेल काय, हा प्रश्न पहिल्या वाचनात कोणालाच पडलेला नसतो.

राघोबादादांचेही तसेच. बालवयात दादा म्हणजे निव्वळ खलपुरुष. त्यांचे नाव आले की वाचक दात-ओठ खाणार. परंतु १७५७ मध्ये दिल्लीवर मराठी फौज घेऊन आलेले आणि १७५८ मध्ये लाहोरात शिरलेले रघुनाथराव १७६१ मध्ये जेमतेम सत्ताविशीचे होते. उत्तर हिंदुस्थान पाहून आलेल्या त्या सेनानीने सोळा वर्षांच्या पुतण्यासमोर मुजऱ्याला उभे राहावे, अशी अपेक्षा. नोकरीत बढती हुकलेल्या कोणत्याही गृहस्थाला ती बोच कळेल. म्हणून दादा निर्दोष ठरत नाहीत. १७६२ मध्ये निजामाची मदत घेऊन त्यांनी पुतण्याला शरण आणले, आणि १७६८ मध्ये धोडपला स्वतः पराभूत होऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. पुढे १७७३ मध्ये नारायणरावांच्या खुनाचा डाग त्यांच्या नावाला लागला, आणि रामशास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. कादंबरी त्याआधीच संपते, पण प्रौढ वाचक हे सारे मनात घेऊनच वाचतो. तिरस्कार उरतोच, फक्त त्यात आता ओळखीचा अंश मिसळलेला असतो.

खरा पेच मात्र रमा-माधवाच्या प्रेमाचा आहे. ग्रंथालयाच्या प्रतीत कोणती पाने सर्वाधिक मळलेली असतात हे कोणत्याही ग्रंथपालास विचारावे. आदरार्थी बोलण्याआडून डोकावणारी ओढ, मोहिमेवर निघतानाचा निरोप आणि परतल्यावरचे मौन यांतून अनेक मुलींनी संसाराचे पहिले चित्र रेखाटले. ते चित्र खोटे नव्हते. देसाईंची लेखणी या प्रसंगांत सर्वाधिक रंगते, आणि त्यांची भाषा प्रसंगी जरा जास्तच अत्तर लावून येते हे मान्य करूनही, त्यांतील माया अस्सल आहे. पण दुसऱ्या वाचनात हिशेब वेगळा लागतो. निजाम, हैदर, नागपूरकर भोसले आणि घरचेच काका, अशा मोहिमांनी भरलेल्या अकरा वर्षांत हे दोघे एकत्र राहिले तरी किती? आणि राहिले तेव्हा हळूहळू घर व्यापीत होता तो क्षयरोग. ज्याने किंवा जिने घरात दीर्घ आजाऱ्याची उशाशी बसून शुश्रूषा केली आहे, त्यास थेऊरची पाने प्रेमकथा म्हणून वाचता येत नाहीत. औषधाची वेळ, वैद्यांचे चेहरे, रोग्याचा चिडचिडेपणा आणि नंतरची शरम, हेच डोळ्यांसमोर येते. आश्चर्य असे की, त्यामुळे रमाबाई लहान होत नाहीत. पहिल्या वाचनातील नाजूक बाहुली जाऊन तेथे एक थकलेली, खंबीर स्त्री दिसू लागते.

आणि मग शेवट. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचे निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या. पंधराव्या वर्षी या पानांवर रडलेल्यांच्या अश्रूंत दुःखापेक्षा भारावलेपण अधिक असे: प्रेम असावे तर असे! १९८७ च्या सप्टेंबरात राजस्थानातील देवराळा येथे अठरा वर्षांची एक विवाहिता चितेवर गेली. जयपूरच्या वाटेवरील ते गाव दिल्लीपासून फार लांब नाही. त्याच वर्षी संसदेने सतीविरोधी कायदा केला व सतीच्या उदात्तीकरणासही गुन्हा ठरविले. त्या दिवसांत वर्तमानपत्रे वाचलेल्या वाचकाला थेऊरची चिता पूर्वीसारखी पाहता येईल काय? अनेकांना येत नाही. काहींनी तर मुलीच्या हाती हे पुस्तक देऊ नये, असे ठरविले. तो निर्णय उतावळा आहे. अठराव्या शतकातील स्त्रीच्या कृतीस आजचा कायदा लावणे व्यर्थ. पण ‘त्यांना खरोखर दुसरी वाट होती का?’ असे मुलीने विचारले, तर ‘किती थोर!’ एवढ्यावर तिची बोळवण करणेही बरे नव्हे. तिच्याबरोबर बसून ते प्रकरण वाचावे आणि उत्तर तिलाच शोधू द्यावे.

बालवयात ज्यांच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, अशा गोपिकाबाई. वाचकाच्या लेखी त्या हट्टी, कारस्थानी सासू. दिल्लीच्या मुलाला पानिपत हे हरियाणा रोडवेजच्या बसवरचे नाव, किंवा पचरंगा लोणच्याचे गाव. पण त्याच पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी या बाईचा थोरला मुलगा विश्वासराव पडला. जून महिन्यात पर्वतीवर पती नानासाहेब गेले. सहा महिन्यांत एवढे सोसलेल्या आईने उरलेल्या मुलावर घट्ट पकड ठेवली, तर तिला कारस्थान म्हणावे की भय? भावाच्या, म्हणजे रास्त्यांच्या, बाबतीत पेशव्याने मुलाहिजा ठेवला नाही, तेव्हा रुसून त्या नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. पुढे माधवराव गेले आणि वर्ष उलटायच्या आत धाकट्या नारायणरावांचा खून झाला. तिन्ही मुलांमागे ही बाई १७८८ पर्यंत जगली. नातू सवाई माधवराव यांस तिने उपदेशाचे पत्र लिहिले. दिवस कसा घालवावा आणि कोणाशी कसे वागावे याच्या बारीकसारीक सूचना त्यात आहेत. कादंबरीत त्या पत्रास जागा नव्हती. नातवंडे असलेले जे वाचक येथे बसले आहेत, त्यांनी तिसऱ्यांदा ‘स्वामी’ हाती घेण्यापूर्वी ते मिळवून वाचावे.