सर्वोच्च न्यायालय आणि नंदादीपाची ठेव
(अमृतमहोत्सवी समारंभातील भाषण)



सर्वोच्च न्यायालयाविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही जरा कचरलो. बडोद्यातील एका लहानशा धर्मादाय संस्थेचा आणि दिल्लीच्या त्या घुमटाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु संबंध आहे, आणि तो आपल्या तिजोरीपर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

आपल्या वाडवडिलांचे दावे वरिष्ठ कोर्टात जात आणि तेथून हुजूर न्यायसभेकडे. ब्रिटिश मुलखातील पक्षकारांचे शेवटचे दार लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपाशी. 1937 साली दिल्लीत फेडरल कोर्ट आले, तरी लंडनचा रस्ता 1949 पर्यंत बंद झाला नाही. 28 जानेवारी 1950 रोजी सर्वोच्च न्यायालय सुरू झाले ते संसद भवनातील नरेंद्रमंडळाच्या दालनात. राजेरजवाड्यांच्या त्या दालनात आता कोणाही रयतेची फिर्याद चालू लागली, ही गंमत आम्हा संस्थानी लोकांना विशेष जाणवते. घटनेने प्रारंभी सरन्यायाधीशांसह आठ न्यायाधीश ठरविले होते. 2019 साली ही संख्या 34 झाली. स्वतःची इमारत 1958 मध्ये मिळाली. तराजूच्या घाटाच्या त्या इमारतीचे शिल्पकार गणेश भिकाजी देवळालीकर, हे नाव येथे टाळ्यांसाठी घेत नाही; पण घेतल्यावाचून राहवतही नाही.

या न्यायालयात कोणीही उठून अपील करावे, असे नाही. बहुतेकांना आधी खास परवानगी मागावी लागते, आणि बहुसंख्य अर्ज उंबऱ्यावरूनच परत फिरतात. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असला, तर निदान पाच न्यायाधीश बसतात. तेथे जो कायदा ठरतो तो देशातील सर्व न्यायालयांना बंधनकारक होतो. म्हणूनच दुसऱ्याचा खटला आपल्याही कामी येतो.

तसा एक खटला सांगतो. 1949 साली बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. पाठोपाठ 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आला. एका जैन देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्याला आव्हान दिले. मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्तही स्वतंत्रपणे पुढे आले. 1954 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी निकाल दिला. नोंदलेल्या संस्थांनी भरावयाची वर्गणी कायम राहिली. तो कर नव्हे, फी आहे. कारण तो पैसा सरकारी खजिन्यात न मिसळता वेगळ्या निधीत राहतो आणि संस्थांच्या देखरेखीवरच खर्च होतो. (दरवर्षी वर्गणीच्या नावाने कुरकुर करणाऱ्या सभासदांनी एवढे ऐकून ठेवावे. त्यांत आम्हीही होतो.) मात्र धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची मोकळीक कोर्टाने रद्द केली. आणि मूळ धार्मिक हेतू पार पाडणे शक्य असता, केवळ सोयीचे वाटते म्हणून तो पैसा दुसरीकडे वळविण्याचे कलमही टिकले नाही.

आता घरची गोष्ट. आपल्या मंदिरातील नंदादीपासाठी एका विधवा बाईंनी पूर्वी ठेव ठेवली. तेलाचा खर्च भागून व्याज उरते, तेव्हा मुद्दल सभागृहाच्या छपराला लावावे, असा ठराव गेल्या वर्षी कार्यकारी मंडळापुढे आला होता. छप्पर गळते, हे खरे. पावसाळ्यात आम्ही स्वतः बादल्या मांडल्या आहेत. परंतु दिवा लावणे अशक्य झालेले नाही. जे करण्याची मुभा कायद्याने न्यायालयाला दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली, ते आपण सात जणांनी हात वर करून कसे करावे? आम्ही विरोधी मत नोंदविले. दोन जुने स्नेही त्यानंतर आमच्याशी फारसे बोलत नाहीत, याचे वाईट वाटते.

निकाल मूळ इंग्रजीत आहे. 2019 पासून त्या न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरे होत आहेत. याचे मात्र आम्हांस मिळाले नाही. म्हणून चार पानांचा मराठी गोषवारा आम्ही स्वतः करून कार्यालयात ठेवला आहे. ठेवीचे मूळ पत्रही त्याच फायलीत आहे. ठराव पुढील वार्षिक सभेत पुन्हा यावयाचा आहे. सभासदांनी दोन्ही वाचून यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.