गिरणीचा संप आणि खानावळीची चूल



मी सातवी शिकलेली गृहिणी. पण संपाची झळ आधी चुलीला लागते, म्हणून बोलते.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलणी व्हायची ती एकाच मान्य संघाशी, राष्ट्रीय मिल मजदूर संघाशी. कामगार तर सामंतांच्या शब्दावर चाललेले! मग तोड निघावी कशी? संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारोंची नोकरी कायमची गेली, पुष्कळ काम यंत्रमागांकडे वळले. आपल्याच जिल्ह्यातील भिवंडी पाहा. तिथे कायमची नोकरी किती जणांना?

गिरणगावातील खानावळवाल्या बायांचे तर कुणी नावच काढत नाही. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. संपात जेवणाऱ्यांचा पगार थांबला, की यांचाही थांबला. वाण्याची उधारी मात्र थांबत नाही. त्या बोलण्यांत या बायांना कोण विचारणार?

बेलवलीतून सकाळच्या गाडीने आपली माणसे कामाला जातात. त्यांचा संघ कोणता, करार केव्हा संपतो, हे मी परवा घरी विचारले. उत्तर मिळाले, "कंत्राटी कामाला कसला आलाय करार?"